हवेतली कमान

पावसाची सर अचानक वाढली, तेव्हा बिल्किस दुकानात एकटीच होती.

एकटी म्हणजे दुकानाच्या मागच्या भागात, बांबूच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआड. पुढं कासम मिस्त्रींचं दुकान, मागं त्यांचं घर, आणि दोन्हींच्या मधे हातभर जागेत बिल्किसची बसायची गोणपाटाची घडी. कासम मिस्त्रींसारखी वेलबुट्टी अख्ख्या औरंगाबादेत कुणी कोरत नाही, हे शहागंजात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ती वेलबुट्टी गेली तीन वर्षं त्यांची मुलगी कोरते, हे मात्र घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. लाकूड कापणं, रंधा मारणं, सांधे जुळवणं हे मिस्त्री अजून झोकात करायचे. पण बारीक पटाशी बोटांत धरली, की त्यांचा हात थरथरायला लागायचा.

अब्बा तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला गेले होते. अम्मा आत चुलीपाशी होती. बिल्किस कुराण ठेवायच्या एका रेहालीच्या कडेला पान कोरत होती, तेवढ्यात पायरीवर पावलं वाजली. तिनं पडद्याच्या काड्यांमधून पाहिलं आणि तिची पटाशी जागच्या जागी थांबली.

एक उंच तरुण. केसांतून पाणी ठिबकतंय. आणि खांद्यावर, कापडात गुंडाळलेलं, लांबलचक काहीतरी...

बंदूक!

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बंदूक... बंदूक बाहेर ठेवा," ती कशीबशी म्हणाली.

तो दचकला. त्यानं दुकानभर पाहिलं. कोणीच दिसेना, तसा पडद्याकडं वळून म्हणाला, "बंदूक नाय हो ही. कमान हाय. तीर मारायची. खेळातली."

"ती पण बाहेरच."

"बाहेर पाऊस हाय."

"दिसतंय मला."

"शिंगाची कमान हाय, आमच्या आज्याच्या वेळची. भिजली तर गेलीच कामातून."

पडद्याची कड बिल्किसनं मुठीत धरली होती आणि त्या मुठीबरोबर सगळा पडदा हलत होता. त्याला ते दिसलं असावं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं अंगातला कोट काढला, कमानीभोवती नीट गुंडाळला आणि मुकाट्यानं पायरी उतरून वळचणीखाली जाऊन उभा राहिला. कमान कोरडी राहिली, आणि तो अर्धा पावसात.

"आता ठीक हाय?" त्यानं तिथूनच विचारलं.

"तुम्ही... तुम्ही आत या की. कमान तेवढी नको."

"आमी दोघं संगटच असतो."

"मग भिजा!"

"भिजतोच हाय की."

आणि बिल्किसला हसू आलं. ओढणीचा पदर तोंडावर दाबून ती हसली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

त्या घरात हसू आलं तर नवलच वाटायचं. तीन वर्षांपूर्वी, पोलीस ॲक्शनच्या त्या सप्टेंबरात, तिचा मोठा भाऊ गयास बिडकीनला मावशीला आणायला गेला होता. "येतो संध्याकाळपर्यंत," म्हणाला होता. तो आला नाही. कुणी म्हणालं वाटेत अडकला, कुणी म्हणालं कराचीला गेला, कुणी काहीच म्हणालं नाही. घराची दोनदा झडती झाली. अम्मानं भाजी चिरायचा मोठा सुरासुद्धा चौकीत नेऊन जमा केला. तेव्हापासून असरची अजान झाली, की अम्मा दाराला कडी घालायची. आणि बिल्किस तेव्हापासून शहागंजच्या घड्याळाच्या पुढं गेली नव्हती.

अब्बा परतले. वळचणीखालचा तरुण, त्याच्या छातीशी धरलेलं ते लांब बोचकं, आणि कोटाच्या बाहीतून डोकावणारं कमानीचं टोक त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"मी मुख्तार. दौलताबादहून आलोय," तो घाईनं म्हणाला. "आमचं तिरंदाजीचं मंडळ हाय. तीन वर्षं बंद होतं, आता पुन्यांदा चालू करायलोत. जिंकणाऱ्याला द्यायला ढाल पायजे, लाकडाची, कोरीव. म्हटलं तुमच्याच हातची..."

"नाही," अब्बा म्हणाले. "माझ्या दारात हे नको. जा तुम्ही."

तो गेला. पावसात सायकलवर लहान लहान होत गेलेली त्याची पाठ बिल्किस पडद्याआडून बघत राहिली.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला, रिकाम्या हातानं. बरोबर मंडळाचे सेक्रेटरी होते, रामकिसन मास्तर. मास्तरांच्या शाळेची बाकं अब्बांनीच केलेली, त्यामुळं जुनी ओळख. मास्तरांनी कचेरीच्या शिक्क्याचा परवानगीचा कागद उलगडून दाखवला. अब्बांनी तो पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. "भीती वाटते, मास्तर."

"मला नका सांगू भीती, कासमभाई," मास्तर म्हणाले. "रझाकारांच्या वेळी मी बायकापोरांना घेऊन नगरला पळालो. सहा महिने एका तबेल्यात काढले. अजून कुणी जोरात दार वाजवलं, तर मी आधी मागच्या दाराकडं बघतो. पण किल्ल्याखालच्या माळावर गुडघाभर गवत वाढलंय हो. आपण सगळे पूर्वी तिथं बसायचो. किती दिवस घरात बसायचं?"

अब्बांनी कागदाची घडी घालून तो मास्तरांच्या हातात दिला. मग म्हणाले, "करतो. पण कमान इथं आणायची नाही."

"मग ढालीवर कमान ओढणारा हात हवाय, तो कसा कोराल?" मास्तरांनी विचारलं.

"मी दाखवतो की," मुख्तार म्हणाला.

तो दुकानाच्या मधोमध उभा राहिला. डावा हात सरळ पुढं केला. उजव्या हाताचा अंगठा वाकवला, त्यावर तर्जनी ठेवली, आणि हवेतली दोरी हळूहळू मागं, थेट कानापर्यंत ओढली. हातात काही म्हणजे काही नव्हतं. तरी बिल्किसला ती ताणलेली दोरी दिसली. त्याचा श्वास थांबला, तसा तिचाही थांबला. मग त्यानं अंगठा सोडला आणि तिनं घट्ट डोळे मिटून घेतले. तीर जणू गालाजवळूनच गेला होता.

त्यानंतर दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली, की मुख्तार काम बघायला यायचा. शिसवाची जाड फळी होती, भोवती वेलाची किनार होती आणि मधोमध कमान ओढणारा हात आकार घेत होता. काम बघायला एवढ्या लांबून दर आठवड्याला यायची गरज नव्हती, हे अब्बा सोडून सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्याच शुक्रवारी घोटाळा झाला. अब्बा पुढं गिऱ्हाइकाशी बोलत होते आणि पडद्याआड पटाशीची टकटक चालू होती. मुख्तार सरकत सरकत पडद्याजवळ आला.

"मिस्त्री तर तिथं बसलेत," तो हळूच म्हणाला. "मग आत पटाशी कोण चालवतंय?"

टकटक थांबली. बिल्किस पडद्यापासून मागं सरकली.

"उंदीर," ती म्हणाली.

"लई गुणाचा उंदीर हाय. वेल कोरतो!"

"कुणाला सांगू नका... पाया पडते. अब्बांचं नाव जाईल."

तिचा आवाज ऐकून त्याचं हसू गेलं. "नाय सांगणार. शपथ." थोडं थांबून म्हणाला, "उंदराला एकच विचारायचं होतं. माझा अंगठा नीट दिसला का तिकडून?"

"नाही दिसला."

त्यानं पडद्याखालच्या फळीवर उजवा हात टेकवला, अंगठा वाकवून. बिल्किस वाकून बघत राहिली. रुंद पंजा, अंगठ्यावर दोरीनं पडलेला घट्टा, नखाखाली मातीची रेघ. तिला त्या हाताची ऊब जाणवत होती, इतका तो जवळ होता. तिनं आपली बोटं गोणपाटाखाली दाबून धरली.

"बघून झालं?"

"...नाही अजून."

"मग राहू दे," तो म्हणाला. "मला काय घाई नाय."

भीती पूर्वीही होतीच, पण ती जुनी होती, अंगवळणी पडलेली. आता नवी आली. तो शुक्रवारी निघाला, की बिल्किसच्या मनात सगळा रस्ता उलगडायचा. भडकल दरवाजा, छावणी, मिटमिटा, मग तो एकाकी माळ... आता तो कुठं असेल? कुणी अडवलं तर? एकदा तो सायकलवर बसता बसता "येतो" म्हणाला आणि ती पडद्याआडून जवळजवळ ओरडलीच, "येतो म्हणू नका!"

"मग काय म्हणू?"

"काही नका म्हणू. नुसतं जा."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. मान डोलावली आणि गेला.

दसरा झाला. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी स्पर्धा ठरली होती. ढालीचा नुसता अंगठा राहिला होता. तो कोरून घ्यायला ठरलेल्या शुक्रवारी मुख्तार आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही.

सोमवारी एक गिऱ्हाईक दाराची चौकट सांगायला आलं आणि बोलता बोलता म्हणालं, "दौलताबादच्या रस्त्याला कुण्या कमानवाल्या पोराला धरलं म्हणे नाक्यावर."

अब्बा उठले. त्यांनी ढाल उचलली, पोत्यात गुंडाळली आणि कोपऱ्यात लाकडांच्या मागं सरकवली. "कुणी न्यायला आलं तर देऊ," म्हणाले. "नाहीतर चुलीत जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा लाकडाच्या वखारीकडं गेले, तशी बिल्किस उठली. पोत्यातली ढाल काढून गोधडीत बांधली. दोन पटाश्या आणि लहान मोगरी पिशवीत टाकली. बुरखा घेतला. आणि दाराशी अम्मा उभी होती.

"कुठं?"

"दौलताबादला."

अम्मा तिच्याकडं बघत राहिली. बिल्किसला वाटलं, आता रडेल, ओरडेल, दाराला पाठ लावून उभी राहील. अम्मानं कडीवर हात ठेवला.

"गयासच्या मागं आपण कुणीच गेलो नाही," ती म्हणाली. "घाबरलो. मी रोज मनातल्या मनात बिडकीनला जाते, बेटा... रोज."

मग तिनंच कडी काढली. "दिवस वर आहे तोवर परत फिर."

टांग्यात शेजारी एक म्हातारी होती, रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेली. साळूबाई तिचं नाव. दौलताबादची सीताफळं ती शहरात आणून विकायची. टांगा भडकल दरवाज्यातून बाहेर पडला आणि बिल्किसच्या कानांत नुसता टापांचा आवाज भरला. मागून सायकलची घंटी वाजली तरी ती दचकायची. नाक्यावर एका शिपायानं टांग्याकडं पाहिलं, आणि जा म्हणून हात हलवला. गोधडी तिनं छातीशी इतकी आवळली, की ढालीची कड बरगडीत रुतली.

"लई थरथरतीस, पोरी. ताप हाय का?" साळूबाईनं विचारलं.

"नाही मावशी. भीती वाटते."

"कशाची?"

बिल्किसनं गोधडी आणखी जवळ ओढली. साळूबाईनं टोपलीच्या तळातून एक उरलेलं सीताफळ काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "हे धर. पार पिकलंय. दाबलंस तर फुटंल बघ, बुरखा खराब होईल. अलगद धर."

सीताफळ अलगद धरायचं, म्हणून बिल्किसला मूठ सैल ठेवावी लागली. आणि मिटमिटा मागं पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण बऱ्याच वेळानं पूर्ण श्वास घेतोय.

"कुणाकडं जायचं?" साळूबाईनं विचारलं.

"मुख्तार... तिरंदाजीवाले."

"आगं, आमच्याच गल्लीतला की! सुटून आला. पण आठ दिस झालं, घराच्या बाहीर नाय पडला."

सुटून आला. बिल्किसनं बुरख्याआड डोळे पुसले.

साळूबाईनंच त्याच्या अंगणात नेलं, हाक मारली आणि ती ओट्यावर टेकली. मुख्तार बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. बुरख्यातल्या बाईकडं तो गोंधळून बघत राहिला.

"कोण पायजे तुमाला?"

"कासम मिस्त्रींकडचा उंदीर," बिल्किस म्हणाली, आणि तिनं नकाब वर केला.

त्यानं तिला पहिल्यांदाच पाहिलं. बघता बघता त्याच्या ओठांवर हसू येऊ लागलं, पण अर्ध्यातच विरलं.

"एकट्या आलात?"

"तुम्ही आला नाहीत."

तो तिथंच पायरीवर बसला. "मारलं नाय कुणी मला," तो खाली बघत म्हणाला. "दोन दिस नुसतं बाकावर बसवलं. कमान कुणाची, कशाला, कुठं चालला... त्येच त्येच पुन्यांदा. मग मास्तर कागद घेऊन आले, सोडलं. कमान बी दिली परत. पण..." त्यानं उजवा हात पुढं केला. "कमान उचलली की ह्यो असा व्हतो."

हात थरथरत होता. अगदी अब्बांचा थरथरतो तसा.

"मला वाटायचं मी लई धीट," तो म्हणाला. "तुमची गंमत करत व्हतो तिथं उभा राहून. आता लाज वाटते. म्हणून नाय आलो."

बिल्किसनं गोधडी सोडली. उन्हात शिसवाचा काळाभोर रंग चमकला. वेलाची किनार, ताणलेलं मनगट, एकेक बोट सगळं झालेलं होतं, आणि अंगठ्याच्या जागी नुसता लाकडाचा गोळा.

"अंगठा राहिलाय," ती म्हणाली.

"हा हात आता कोरण्यासारखा नाय राहिला."

"मग कसला हात कोरू मी? आमच्या घरात न थरथरणारा हात एकही नाही."

तो तिच्याकडं बघत राहिला. "एवढी भीती वाटते... मग आलात कशा?"

"भीती गेली म्हणून नाही आले. ती होतीच टांग्यात. तिला घेऊनच आले." बिल्किसनं पिशवीतून पटाशी काढली आणि ओट्याच्या कडेला ढाल टेकवली. "उभे राहा. अंगठा वाकवा."

तो उभा राहिला. डावा हात पुढं, उजवा कानाशी. हात थरथरत होता. ती थांबली. घाई केली नाही. श्वास सोडून तो पुन्हा घेण्याच्या मधे एक क्षण हात निश्चल व्हायचा. तेवढ्या क्षणात ती बघून घ्यायची, आणि एक छिलका काढायची. पुन्हा थांबायची. तिचं काम आज पहिल्यांदाच उघड्यावर, दिवसाउजेडी चाललं होतं. साळूबाई हनुवटीला हात लावून बघत बसली होती.

"मिस्त्रींची पोरगी व्हय तू?" ती शेवटी म्हणाली. "मग नाव बापाचं आणि काम तुझं?"

बिल्किस घाबरून थबकली. मग म्हणाली, "व्हय मावशी."

आणि काहीच झालं नाही. साळूबाई नुसतं "ब्येस हाय," म्हणाली.

अंगठा पूर्ण झाला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. बिल्किसनं फुंकर मारून भुसा उडवला.

"मास्तरांना तुमच्या अब्बांकडं पाठवू का?" मुख्तारनं विचारलं.

"कशाला? ढाल तर झाली."

"ढालीसाठी नाय."

ओट्यावरच्या साळूबाईनं एकदम किल्ल्याकडं तोंड फिरवलं. बिल्किस पटाश्या पिशवीत भरत राहिली. दोनच होत्या, तरी तिला बराच वेळ लागला.

"पाठवा," ती म्हणाली. "पण लवकर. मला वाट बघायची लई भीती वाटते."

ढाल तिथंच ठेवून बिल्किस दिवस वर असतानाच घरी परतली. रविवारी स्पर्धा झाली. माळावरचं गवत कापलं होतं आणि शंभरेक माणसं जमली होती. मुख्तारचा पहिला तीर निशाण्याच्या बाहेर गेला, दुसरा कडेला लागला, तिसरा जवळ. तो चौथा आला. ढाल खुलताबादच्या एका साठीतल्या म्हाताऱ्यानं नेली आणि ती डोक्यावर धरून तो माळभर नाचला.

मास्तर आठ दिवसांनी आले. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. चहा निवून गेला.

"दौलताबाद लांब आहे," ते म्हणाले.

"चार कोस, कासमभाई."

"बिडकीनसुद्धा फार लांब नव्हतं."

तेव्हा आतून अम्मा बोलली. परक्या पुरुषांसमोर ती कधी बोलत नसे. "पोरगी एकदा जाऊन आलीय," ती म्हणाली. "तारीख काढा."

थंडीत निकाह झाला. रुखसतीच्या, म्हणजे पाठवणीच्या, दुपारी टांगा दाराशी आला. सगळ्यांचं रडून झालं, आणि अब्बा अचानक पुढं टांगेवाल्याशेजारी चढून बसले.

"भडकल दरवाज्यापर्यंत येतो फक्त," ते म्हणाले.

दरवाजा आला. "छावणीपर्यंत," अब्बा म्हणाले. छावणी आली. ते नुसतं समोर रस्त्याकडं, डावीकडं, उजवीकडं बघत राहिले. टांगेवाल्यानं न विचारताच घोडा पुढं हाकला.

मागच्या बाजूला मुख्तार बिल्किसकडं झुकला. "मिस्त्री दौलताबादपर्यंत येणार वाटतं," तो कुजबुजला.

"येऊ द्या. आजचा दिवस."

"येऊ द्या की. माझं काय जातंय?" मग आणखी हळू आवाजात त्यानं विचारलं, "भीती वाटते का?"

"लई."

"मग टांगा थांबवू?"

लाल ओढणीआडून बिल्किसनं त्याच्याकडं पाहिलं.

"थांबवून तर बघा!" ती म्हणाली.